मदत सरल्यावर घरची इंटरनेट-तार

भाताची लावणी आटोपली कीं शेतकऱ्यास चार दिवस कागदपत्रांकडे पाहावयास सवड मिळते. पूर्वीं हे चार दिवस तलाठ्याच्या कचेरींत जात. आतां ते मोबाइलच्या पडद्यापुढें जातात. सातबाराचा उतारा संगणकावर आला. पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून छायाचित्रासह करावयाची, ही ई-पीक पाहणी सन २०२१ च्या ऑगस्टपासून साऱ्या महाराष्ट्रांत सुरू झाली. पीएम-किसानच्या हप्त्यासाठीं ई-केवायसी आवश्यक ठरलें. आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषि-योजनांचा लाभ घ्यावयाचा तर शेतकरी ओळख क्रमांक असलाच पाहिजे, असा राज्यांत नियम झाला. नांगर, विळा आणि कोयता यांच्या ओळींत इंटरनेट हें एक अवजार येऊन बसलें आहे. मात्र हें अवजार विकत मिळत नाहीं. त्याचें भाडें महिन्याचे महिन्यास भरावें लागतें, आणि भाडें थकलें कीं तें त्याच दिवशीं हातांतून जातें.

हें भाडें गरीब घरानें कोठून भरावें, आणि सरकारची मदत आज असली व उद्यां नसली तर त्या घराचें काय व्हावें, हा ह्या लेखाचा विषय आहे. आमच्या डोळ्यांपुढें आहे तो कल्याणच्या पलीकडील उल्हास नदीचा कांठ: उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शहरें आणि त्यांच्या पाठीशीं वांगणी, मुळगांव, बारवी धरणाच्या बाजूचीं गांवें व वाड्या. पावसाळ्यांत भात, ओल असेपर्यंत भाजीपाला आणि वैशाखांत डोंगरचीं करवंदें-जांभळें, असा येथील कुटुंबाचा वर्षाचा क्रम असतो. उल्हासनगर हें शेतीचें गांव नव्हे, मग शेतकऱ्यांच्या मासिकांत त्याचें काय काम, असें कोणी विचारील. परंतु ह्या तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी घरांतला एक मुलगा तरी शहरांत कामास जातो, आणि भाजीची पाटी डोक्यावर घेऊन गाडींत चढणाऱ्या बाईचें गिऱ्हाईक तेथेंच असतें. तिनेंही आतां टोपलीला पैसे घेण्याचा क्यूआरचा कागद बांधला आहे. म्हणजे रिचार्ज संपला तर पैसे आले कीं नाहीं, हें तिला गिऱ्हाइकाच्या शब्दावर मानावें लागतें.

सरकारी मदत दोन प्रकारची असते, आणि त्या दोहोंत फार अंतर आहे. एक प्रकार चर खणून तार दारापर्यंत आणून देण्याचा. दुसरा दरमहाचें बिल कांहीं काळ आपण भरण्याचा. पहिली मदत थांबली तरी जमिनींतली तार राहते. दुसरी थांबली म्हणजे मागें कांहींच राहत नाहीं.

दुसऱ्या प्रकाराचें सर्वांत मोठें उदाहरण अमेरिकेचें आहे. तेथील सरकारनें सन २०२१ च्या डिसेंबरअखेर एक योजना सुरू केली. गरीब कुटुंबाच्या इंटरनेट-बिलांत दरमहा ३० डॉलरपर्यंत सूट, आणि आदिवासींच्या भूमीवर ७५ डॉलरपर्यंत. त्यासाठीं १४ अब्ज २० कोटी डॉलर मंजूर झाले, आणि सुमारें २ कोटी ३० लक्ष कुटुंबांनीं नांवें नोंदविलीं. पैसे सरत आले तेव्हां फेब्रुवारी २०२४ मध्यें नवी नोंदणी बंद झाली, आणि १ जून २०२४ रोजीं योजनाच संपली. जगांतल्या अत्यंत श्रीमंत देशाची ही गोष्ट आहे. इतका पैसा खर्चून त्या कुटुंबांच्या मालकीची एक वाव तारही झाली नाहीं, कारण सारा पैसा कंपन्यांच्या मासिक बिलांत गेला. न्यूयॉर्क राज्यानें मात्र निराळा मार्ग धरला. गरीब कुटुंबास १५ डॉलरांत जोडणी दिलीच पाहिजे, असें बंधन त्यानें सन २०२१ च्या कायद्यानें कंपन्यांवर घातलें. कंपन्या न्यायालयांत गेल्या. अखेर जानेवारी २०२५ पासून तो कायदा अंमलांत आला.

आपल्या देशांत सरकारनें मुख्यतः पहिला प्रकार पत्करला. ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूची तार, जिला लोक फायबर म्हणतात, नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्यें मंजूर झाली. सन २०१५ पासून तिला भारतनेट हें नांव मिळालें. ऑगस्ट २०२३ मध्यें तिची सुधारलेली आवृत्ति १,३९,५७९ कोटी रुपयांच्या अंदाजासह मान्य झाली. पांच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांत जोडणी देण्याचा तिचा संकल्प आहे. पण दुसऱ्या प्रकारची झलकही आपण पाहिली आहे. डिसेंबर २०१९ मध्यें केंद्रीय मंत्र्यांनीं घोषणा केली कीं, भारतनेटवरून खेड्यांत मिळणारी वाय-फाय सेवा मार्च २०२० पर्यंत विनामूल्य राहील. मुदत संपण्याचा महिना कोणता आला पाहा! त्याच मार्चमध्यें टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या आणि मुलांचा अभ्यास मोबाइलवर आला. ज्या महिन्यांत गरज दसपट झाली, नेमका तोच महिना फुकट सेवेचा शेवटचा ठरला होता. ह्यांत कोणाचा कावा होता असें नाहीं. मदतीची मुदत कचेरीच्या वर्षाप्रमाणें ठरते आणि घराची गरज ऋतूप्रमाणें, इतकेंच त्यावरून दिसतें.

आंध्र प्रदेशाच्या सरकारनें आपल्या फायबर-जाळ्यावर इंटरनेट, दूरध्वनि व दूरचित्रवाणी हीं तिन्हीं मिळून दरमहा १४९ रुपयांत देऊं केलीं होतीं. तो दर टिकला नाहीं. आणि सरकार बाजूस ठेवलें तरी सन २०१६ च्या सप्टेंबरांत एका नव्या कंपनीनें सहा-सात महिने फुकट सेवा देऊन साऱ्या देशास जी गोडी लाविली, तिची किंमत आपण डिसेंबर २०१९, डिसेंबर २०२१ व जुलै २०२४ अशा तीन दरवाढींत मोजली आहे. फुकट मिळालेल्या बियाण्यावर पुढच्या हंगामाचा हिशेब बसवूं नये, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

आतां खर्चाचा हिशेब मांडूं. तो जरा लांबला तरी वाचकांनीं कंटाळूं नये, कारण सारा प्रश्न त्यांतच आहे.

जुलै २०२४ च्या दरवाढींत रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज २९९ रुपयांवर गेला. महिना तीस दिवसांचा असला तरी रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, म्हणून वर्षास बारा नव्हे तर तेरा रिचार्ज लागतात. एका फोनास वर्षाकांठीं ३,८८७ रुपये झाले. नवरा, बायको आणि शिकणारें मूल असे तीन फोन धरले तर ११,६६१ रुपये. घरीं तार घ्यावयाची तर एका मोठ्या कंपनीनें सन २०२० मध्यें आणलेला पहिल्या पायरीचा दर महिना ३९९ रुपये अधिक शेंकडा १८ प्रमाणें कर असा आहे. त्याचे वर्षाचे ५,६५० रुपये होतात. पीएम-किसानचे वर्षाचे तीन हप्ते मिळून ६,००० रुपये येतात. म्हणजे केंद्राच्या त्या मदतींतून घरची तार भरली तर मागें साडेतीनशें रुपये उरतात. त्यांत युरियाची एक गोणी येईल, दुसरी येईलच असें नाहीं.

कोणी म्हणेल, तार घेतल्यावर मोबाइलचा डेटा बंद करावा. केवळ बोलण्यापुरता रिचार्ज ठेवण्याची सोय कंपन्यांनीं दिली पाहिजे, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, डिसेंबर २०२४ मध्यें केला, आणि पुढच्या महिन्यांत ८४ दिवसांस ४४८ रुपये असा एक दर निघाला. त्या दरानें तीन फोनांचे वर्षास सुमारें ५,८२४ रुपये होतात. त्यांत तारेचे ५,६५० मिळवा: ११,४७४ रुपये. पूर्वींचा खर्च ११,६६१ होता. सारी उलथापालथ करून वर्षास १८७ रुपये वांचले! आणि बाजारांत उभ्या असलेल्या बाईच्या फोनांत इंटरनेट नाहीं, तें वेगळेंच. म्हणून तीन फोनांच्या गरीब घरास एकट्यानें तार घेणें परवडत नाहीं, असें आम्हांस स्पष्ट सांगावें लागतें. जाहिराती कांहींही म्हणोत.

चार फोनांच्या घरास ती थोडी परवडते. वर्षास दोन हजारांवर वांचतात. पण खरा फरक तार एकट्याची न राहतां अनेकांची झाली म्हणजे पडतो, हें पुढें दाखवूं. तत्पूर्वीं ह्या हिशेबाची आणखी एक बाजू पाहिली पाहिजे. २९९ रुपयांच्या रिचार्जमध्यें सुमारें ४५ रुपये ६० पैसे वस्तु-सेवाकर असतो. तीन फोनांच्या घराचे वर्षाचे ३९ रिचार्ज धरले तर कर १,७८० रुपयांच्या आसपास जातो. त्याखेरीज दूरसंचार कंपन्यांना आपल्या उत्पन्नांतून शेंकडा पांच रुपये सार्वत्रिक सेवेच्या निधींत भरावे लागतात. ह्याच निधीचें नांव आतां डिजिटल भारत निधि असें आहे. ढोबळ मानानें आपल्या त्या तीन फोनांच्या घरांतून वर्षास पांचशें रुपयांच्या आसपास ह्या निधीकडे जातात. भारतनेटचा पैसा येतो तो ह्याच निधींतून. तेव्हां खेड्यांत आलेली तार म्हणजे कोणाचें दान नव्हे. वांगणीच्या शेतमजुरानें आणि उल्हासनगरच्या शिलाई-कामगारानें तिच्यासाठीं रिचार्जगणिक वर्गणी भरलेली आहे.

ह्या वर्गणीच्या वांटपांत मात्र मोठी विषमता राहिली. निधि मुळांत ग्रामीण व दुर्गम भागांसाठीं ठरला होता, म्हणून भारतनेटची तार ग्रामपंचायतीकडे वळली आणि नगरपालिकेची हद्द लागली कीं थांबली. अंबरनाथ तालुक्यांत तर ही हद्द एका शेताच्या बांधासारखी आहे. अलीकडे शहर, पलीकडे गांव, आणि दोन्हींकडे घरें सारखींच गरीब. उल्हासनगरची गोष्ट आणखी निराळी. महायुद्धांत लष्करासाठीं बांधलेल्या कल्याण कँपच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. दाट वस्तीच्या ह्या शहरांत तारेचा तुटवडा नाहीं. खांबाखांबांवर तारांचीं जाळीं लोंबतात. तेथें अडतें तें बिलापाशीं. तरीही तेथील गरीब कुटुंबास निधीचा आधार नव्हता, कारण तें खेड्यांत राहत नाहीं. सन २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें ही चूक कागदावर तरी सुधारली आहे. सेवा अपुरी असलेल्या ग्रामीण व दुर्गम भागांबरोबर शहरी भागही आतां निधीच्या उद्देशांत आला आहे. त्याचा लाभ मागणें हें नगरसेवकांचें काम आहे. मोर्चे कमी महत्त्वाच्या गोष्टींसाठीं निघतात.

शहरांतील गरीब आज काय करतात? ते गल्लींतल्या केबलवाल्याकडून तार घेतात. मोठ्या कंपनीचें यंत्र मुदतीच्या रात्रीं बारा वाजतां सेवा तोडतें. केबलवाला पगाराच्या तारखेपर्यंत थांबतो. गांवच्या वाण्याच्या वहींतली उधारी ज्यानें पाहिली आहे त्यास ह्या थांबण्याची किंमत कळेल. दर आणि वेग ह्यांच्या तक्त्यांत ही गोष्ट कोठेंही लिहिलेली नसते.

आतां सामाईक तारेकडे वळूं. एका घरानें तार घेऊन शेजाऱ्यांस गुपचूप वांटावी, असें आम्ही सुचवीत नाहीं. घरगुती जोडणीच्या करारांत तें बसत नाहीं, आणि उद्यां कोणी त्या तारेवरून गुन्हा केला तर पोलीस ज्याच्या नांवावर तार आहे त्याच्या दारीं येतील. ह्यासाठींच डिसेंबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें पीएम-वाणी नांवाची व्यवस्था मंजूर केली. पूर्वीं गांवोगांवीं पिवळ्या पाट्यांचीं एसटीडी-पीसीओचीं दुकानें होतीं, तशीं इंटरनेटचीं दुकानें व्हावींत, ही तिची कल्पना. अशा दुकानास पब्लिक डेटा ऑफिस म्हणतात. किराणा दुकानदार, चहावाला, वाचनालय किंवा सहकारी संस्था, कोणासही तें चालवितां येतें. त्यास परवाना लागत नाहीं आणि फीही नाहीं. नोंदणीकृत मध्यस्थ कंपनीशीं जोडून घ्यावें लागतें, आणि वापरणाऱ्याची ओळख व पैसे ह्यांची व्यवस्था ती पाहते.

योजना चांगली, पण कांहीं वर्षें ती रखडली. कारण दुकानदारास तार देतांना कंपन्या घरगुती दराऐवजीं मोठ्या व्यापारी पेढ्यांचा दर मागत. १६ जून २०२५ रोजीं ट्रायनें त्यास आळा घातला. सेकंदास २०० एमबीपर्यंतच्या घरगुती जोडणीचा जो दर असेल, त्याच्या दुपटीहून अधिक अशा दुकानास आकारतां येणार नाहीं, असें ठरलें. हा आदेश आमच्या मतें अलीकडच्या काळांतील सर्वांत उपयोगी आदेश आहे, आणि खेड्यांत त्याची वार्ता जवळजवळ कोणासही नाहीं.

त्यानें हिशेब कसा बदलतो पाहा. घरगुती तारेचे वर्षास ५,६५० रुपये. दुप्पट म्हणजे ११,३००. वाडींतल्या दहा घरांत तो वांटला तर प्रत्येकीं १,१३०. घरांतला एक फोन डेटासह ठेवला, म्हणजे शेतांत व बाजारांत अडणार नाहीं, त्याचे ३,८८७. उरलेले दोन बोलण्यापुरते, त्यांचे ३,८८२. एकूण ८,८९९ रुपये. आजच्या ११,६६१ मधून २,७६२ वांचले, आणि ते कोणाच्याही अनुदानावांचून. वाय-फायचें यंत्र बसविण्याचा खर्च पहिल्या वर्षीं ह्यांतून जाईल. दुसऱ्या वर्षापासून बचत पदरांत पडेल. तीस एमबीची तार दहा घरांनीं एकाच वेळीं वापरली तरी प्रत्येकाच्या वांट्यास तीन एमबी येतात. मुलास धडा नीट दिसावयास तेवढें पुरतें. क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशीं तक्रारी येतील, त्यास इलाज नाहीं.

हें दुकान चालवावें कोणीं? आमचें उत्तर सरळ आहे: गांवच्या विविध कार्यकारी सहकारी सोसायटीनें. जून २०२२ मध्यें केंद्रानें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठीं २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ज्या सोसायटींत संगणक आला तेथें इंटरनेटची तारही लागणारच. ती तार सकाळीं अकरापासून संध्याकाळीं पांचपर्यंत कामास येते आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळीं कुलपाआड निजून राहते. कचेरीची तार कचेरीसच ठेवावी. पण तेथेंच दुसरी तार घेऊन वाणीचें दुकान उघडण्यास छप्पर, वीज, वही आणि हिशेबनीस हीं चारही तयार आहेत. सभासदाची वर्गणी भात विकल्यावर घ्यावी कीं दरमहा, हेंही सोसायटीच ठरवूं शकते. केबलवाल्याचा थांबण्याचा गुण सोसायटीनें नियमांत बसवून घ्यावा.

शेतकऱ्यांस तारेचें काम जमेल काय, ह्या शंकेस इंग्लंडांतील एक उदाहरण पुरे. लँकेशायर परगण्याच्या उत्तर भागांतील खेड्यांस मोठ्या कंपन्या चांगली तार देईनात, तेव्हां सन २०११ मध्यें तेथील लोकांनीं ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ नांवाची आपली संस्था स्थापिली. लोकांनीं भाग विकत घेतले. शेतकऱ्यांनीं आपल्या शेतांतून तार नेण्यास वाट फुकट दिली आणि पुष्कळ ठिकाणीं चरही स्वतः खणले. दरमहा सुमारें ३० पौंडांत सेकंदास १,००० एमबीची जोडणी त्या खेड्यांस मिळाली. त्या वेळीं लंडनच्या पुष्कळ घरांत ती नव्हती. वाटेचें भाडें शेतकऱ्यानें घेतलें नाहीं, हीच त्यांतली मोठी बचत होती.

परंतु सहकाराचें नांव घेतलें कीं सारें सुरळीत होतें, असें आम्ही म्हणणार नाहीं. श्रीरामपूर-राहुरीकडे मुळा-प्रवरा ही विजेची सहकारी संस्था चार दशकें चालली. थकबाकी वाढत गेली, ३१ जानेवारी २०११ रोजीं तिचा परवाना संपला आणि ग्राहक महावितरणकडे गेले. दोष दराचा कीं वसुलीचा, ह्यावर त्या भागांत आजही दोन मतें ऐकावयास मिळतील. आम्हांस त्यांतून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं सोसायटीनें तारेचें खातें कर्जाच्या खात्यांत मिसळूं नये, आणि ज्याचे दोन हंगाम थकले त्याची जोडणी तो संचालकाचा मेहुणा असला तरी थांबवावी.

राहिल्या दोन किरकोळ गोष्टी. तारेचें घरांतलें यंत्र, म्हणजे राऊटर, साधारण दहा वॅट वीज खातो. अहोरात्र चालला तर महिन्यास सात युनिट. वीज गेली कीं तोही बंद पडतो, म्हणून त्यास छोटी बॅटरी जोडावी. दुसरी गोष्ट पुराची. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हासच्या पुरानें बदलापूर व वांगणी ह्यांच्यामधें महालक्ष्मी एक्सप्रेस रुळांवर अडकली आणि सुमारें हजार प्रवासी नावांतून बाहेर काढावे लागले, हें ह्या भागांत कोणीही विसरलेलें नाहीं. नदीकांठच्या वाडींत तार खांबावरून न्यावी कीं जमिनींतून, हें तो पूर कोठवर चढला होता तें आठवून ठरवावें. जमिनींतून न्यावयाची तर चर वैशाखांत खणावा, आणि तोही बांधांतून नव्हे तर बांधाच्या बाजूनें. भाताचे बांध खेकडे पोखरतात आणि दर पावसाळ्यांत ते फोडून पुन्हां घालावे लागतात.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हावयाच्या असतात. आपल्या सोसायटीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालावयाचा असेल तर सभासदांनीं येतांना एक कागद आणावा: घरांत फोन किती, वर्षांत रिचार्ज किती झाले, आणि सेवाकेंद्रावर उतारे व ई-केवायसी ह्यांसाठीं जाण्यायेण्याच्या भाड्यासह किती पैसे गेले. दहा घरांचे असे कागद एकत्र ठेवून बेरीज केली म्हणजे मध्यस्थ कंपनीशीं दराची बोलणी करावयास आंकडा हातांत येईल.